काचेसमोरची पावलं

१

मी गोव्यात डिचोलीच्या एका खाण कंपनीत केमिस्ट होतो. आमचं लोहखनिज बोटीत भरून परदेशी जायचं. तिथे पोचल्यावर कधीकधी त्याच्या प्रतीवरून वाद व्हायचा, आणि मग नमुने घेऊन मला पाठवलं जायचं. दिवसभर परक्या प्रयोगशाळेत उभं राहायचं, संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत येऊन पडायचं. मधे एखादी दुपार मोकळी मिळाली, की त्या शहरातलं युद्धाचं संग्रहालय मी शोधून काढायचो.

तोफा-बंदुकांचं मला वेड होतं असं नाही. पण परक्या गावात एकट्या माणसाला बसायला अशी उबदार, शांत जागा दुसरी मिळत नाही. शिवाय भिंतींवरच्या पाट्या वाचायला मजा यायची. एका बंदरात पाहिलं, तर युद्ध ‘संपलं’ होतं, ते हरल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या देशात तेच युद्ध यांनी एकट्यांनीच जिंकलेलं. एके ठिकाणी तर शत्रू कोण होता तेच लिहिलं नव्हतं, नुसतीच आपली माणसं मेलेली. मी हे सगळं घरी येऊन सांगायचो, तेव्हा पद्मावती हसायची. म्हणायची, ‘‘लोक बायकोला अत्तर आणतात, तुम्ही तोफांच्या गजाली आणता.’’

पद्मावती, माझी बायको, डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवायची. माहेर हळर्णचं. तिचा थोरला भाऊ सगुण पंचावन्न साली, गोवा पोर्तुगिजांकडे असताना, सत्याग्रहींच्या एका तुकडीबरोबर गेला. सीमेजवळ गोळीबार झाला. काही जण परत आले, काहींचे मृतदेह आले. सगुणचं काहीच आलं नाही. कुणी म्हणे त्याला धरून बोटीवर चढवलं, पोर्तुगालला नेलं. कुणी म्हणे रानातच पुरला. त्याची आई, माझ्या सासूबाई रुक्मिणीबाई, यांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि कशावरच विश्वास ठेवला नाही. दर वर्षी म्हाळाच्या दिवसांत भटजी विचारायचे, सगुणच्या नावाने पान वाढायचं का? त्या विचारायच्या, ‘‘मेललो कोणी बघल्यान?’’

गोवा राज्य झाल्यानंतरच्या हिवाळ्यात मला युरोपात जायचं होतं. परतीच्या वाटेवर लिस्बन जमण्यासारखं होतं. पद्मावती तोवर कधी माझ्याबरोबर आली नव्हती. या वेळी स्वतःहून म्हणाली, ‘‘मी येतंय. ज्येंनी दादाक नेल्यानी, तेंचो गाव माका एकदा बघूचो आसा.’’

२

लिस्बनमधलं संग्रहालय नदीकाठी होतं. कधीकाळचं शस्त्रागार असावं. जाड भिंती, उंच छत, पायाखाली फिकट दगडाची फरशी, आणि सगळीकडे मेणाचा नि जुन्या लोखंडाचा वास. हिंदुस्थानची खोली अगदी टोकाला होती. तिथे एक म्हातारा रखवालदार खुर्चीवर बसलेला होता, निळी टोपी मांडीवर ठेवून.

मी लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेलो, त्यामुळे मोडकंतोडकं बोलता यायचं. आम्ही कुठले ते सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

‘‘काय म्हणतो?’’ पद्मावतीने विचारलं.

‘‘आमचा गोवा का, असं विचारतोय.’’

‘‘त्याला सांगा, आमचा.’’

मी सांगितलं. तो हसला, मान हलवली. बरोबर आहे म्हणाला की पाहुण्यांशी वाद नको म्हणून गप्प बसला, ते कळलं नाही. नाव अलीपियो. गोव्यात कधी नव्हता, पण त्याचा चुलतभाऊ होता म्हणे, पोर्तुगिजांच्या शेवटच्या वर्षी.

भिंतीवर एक मोठी संगमरवरी पाटी होती. ‘भारतीय आक्रमणात पडलेल्यांच्या स्मरणार्थ.’ मी वाचून अर्थ सांगितला. पद्मावतीचा चेहरा ताठ झाला.

‘‘आक्रमण? आणि आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून सुट्टी घेऊन साजरा करतो.’’

‘‘ज्याचं संग्रहालय त्याची पाटी,’’ मी म्हटलं.

‘‘मग दादाची पाटी कुठल्या भिंतीवर?’’

ती पुढे निघून गेली. तलवारी, ठासणीच्या बंदुका, एक छोटी पितळी तोफ. शेवटच्या काचेच्या कपाटात आमच्याच आयुष्यातल्या वस्तू होत्या: गस्तीच्या शिपायांचा पट्टा, हातकडी, तेल लावून काळी केलेली एक रायफल. तिच्यासमोर पद्मावती थांबली आणि खाली बघत राहिली.

‘‘अहो, तुमचे बूट बघा. इथेसुद्धा खाणीची माती घेऊन आलात.’’

फरशीवर तांबडे डाग होते. मी ओशाळलो. ती माती आमच्या कपड्यांच्या शिवणीत, नखांत, सुटकेसच्या कडीत असायची. कितीही धुतलं तरी जायची नाही. मी पाय उचलून बुटाचा तळ पाहिला. बूट याच प्रवासासाठी घेतलेले होते, खाणीवर कधी गेलेच नव्हते. तळ काळा कुळकुळीत होता.

मग आम्ही दोघांनी वाकून नीट पाहिलं. ते डाग बुटाचे नव्हतेच. अनवाणी पावलं होती. दोन, एकमेकांजवळ, चवडे काचेकडे. कपाटापासून दारापर्यंतची फरशी स्वच्छ होती. चालत आल्याची खूण नाही, चालत गेल्याची नाही.

‘‘चाललेला माणूस असा पाय टाकत नाही,’’ पद्मावती हळू म्हणाली. ‘‘कोणीतरी उभं होतं इथे. बराच वेळ. बघा ना, बोटं कशी रुतल्यासारखी उठलीत.’’

३

हॉटेलवर मी तिला समजावलं आणि स्वतःलाही. जुनी इमारत, कौलांची भुकटी पडत असेल. तोफेचा गंज असेल. दुरुस्तीवाला कुणी बूट काढून कपाटावर चढला असेल. तांबडी माती म्हणजे काय फक्त आमच्याच मालकीची? ती पोर्तुगालातही आहे, आफ्रिकेत आहे.

‘‘तुम्ही चिमूट घेतली होती ना,’’ ती म्हणाली. ‘‘बोटांत चोळून बघत होता. मी पाहिलं.’’

‘‘त्यावरून काही कळत नाही.’’

‘‘तुम्हाला कळतं.’’

आयुष्यभर मी ती माती चिमटीत धरलेली होती. हळर्णच्या बाजूची माती चोळली की आधी पिठासारखी लागते आणि मग अचानक एक बारीक खडा टोचतो. तसाच टोचला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहर बघायला जाणार होतो. नाश्ता झाल्यावर काही न ठरवता दोघेही नदीच्या दिशेने चालू लागलो.

खोली आदल्या दिवशीसारखीच शांत होती. फरशी नुकतीच पुसलेली, पाण्याचे पट्टे अजून वाळत होते. आणि त्या ओल्या, स्वच्छ फरशीवर पावलं होती. आज एका कपाटासमोर नव्हे, प्रत्येक कपाटासमोर. रायफलीसमोर एकामागे एक तीन रांगा. काही टाचा उचललेल्या, नुसते चवडेच उमटलेले, जत्रेत पालखी दिसावी म्हणून माणूस मागून उंच होतो तसे. सगळी तांबडी नव्हती. तलवारींपुढे राखाडी चिखल होता, तोफेपुढे पांढरी वाळू. आणि सगळ्यांचे चवडे काचेकडे.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती नंतर. आधी वाटलं ते वेगळंच. गावातल्या देवळात गाभाऱ्यासमोर अचानक शांतता पसरते ना, तेव्हा आपण न ठरवता हात जोडतो, तसं काहीतरी. मी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली.

अलीपियो बादली घेऊन आला. खोलीच्या मधून सरळ वाट होती, पण तो भिंतीला पाठ लावून, कडेकडेने, तिरपा चालत आला. निळी टोपी डोक्यावर नव्हती, दुसऱ्या हातात होती.

‘‘ही माती कसली?’’ मी विचारलं.

त्याने फरशीकडे पाहिलंच नाही. ‘‘ओल आहे, सेन्योर. नदी जवळ आहे.’’

‘‘काय म्हणतो?’’

‘‘ओल आहे म्हणतो.’’

‘‘ओलीला बोटं असतात?’’ पद्मावती म्हणाली. मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. पण म्हाताऱ्याला समजलं असावं. त्याने बादली तशीच उचलली आणि कडेकडेने परत गेला.

४

शेवटच्या दिवशी मी नको म्हणत होतो. पद्मावती म्हणाली, ‘‘तुम्ही बाहेर थांबा हवं तर.’’ मी अर्थातच गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा पावसाळी ढगांमुळे आधीच अंधारून आलं होतं. पलीकडच्या दालनांतले दिवे एकेक करून मालवले जात होते. आमच्या खोलीतलाही दिवा गेला. उंच खिडक्यांतून नदीवरचा करडा उजेड तेवढा आत येत होता. आम्ही उंबऱ्यावर उभे होतो. खोली रिकामी होती. फरशी रिकामी होती. मी खात्री करून घेतली, कारण हे मला पुढे स्वतःला सांगावं लागणार हे मला तेव्हाच कळलं होतं. खोलीत कुणीही नव्हतं.

काचेत होतं.

कपाटांच्या काचांत खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्या प्रतिबिंबात खोली भरलेली होती. खांद्याला खांदा, डोक्यामागे डोकं, अगदी भिंतीपर्यंत. पागोटी, मुंडासी, उघडी डोकी, उघड्या पाठी. कुठे लोखंडी शिरस्त्राण. बायका होत्या. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. सगळे पुढे वाकून, मन लावून, कपाटांतल्या त्या वस्तूंकडे पाहत होते. राग नव्हता त्यांच्या पाहण्यात. एखादा माणूस आजारातून उठल्यावर डॉक्टरला विचारतो, नक्की काय झालं होतं मला, तसं पाहणं होतं ते.

आणि आवाज होता. आधी मला नदीचा वाटला. मग कळलं, तो श्वासांचा आहे.

रायफलीच्या काचेत पुढच्या रांगेत एक पाठ होती. सडपातळ, सदरा खांद्यावर फाटलेला. पद्मावतीने माझ्या कोटाची बाही धरली, मग सोडली.

त्या पाठीशेजारचे दोघे तिघे किंचित सरकले. रांगेत कुणी आपलं माणूस आलं की आपण सरकतो, न बघता, सहज, तसे. आणि एका माणसापुरती जागा झाली.

पद्मावतीने उंबऱ्यावरून पाय उचलला.

मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की पुढे कितीतरी दिवस तिथे काळंनिळं होतं. ती माझ्याकडे वळली नाही. मी तिला काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा नावानेच हाक मारली असेल.

‘‘सेन्योर,’’ मागून अलीपियोचा आवाज आला, चर्चमध्ये बोलतात तसा, घशातल्या घशात. ‘‘आम्ही बंद करतो आहोत.’’

तो दार ओढून घेत असताना मी शेवटचं पाहिलं. जागा अजून मोकळीच होती.

बाहेर पावसात आम्ही खूप वेळ ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. पद्मावती एवढंच म्हणाली, ‘‘त्याने मागे वळून बघितलं नाही. बरं झालं. बघितलं असतं तर तुमच्याने मी आवरले नसते.’’

५

परत आल्यावर हे कुणाला सांगायचं नाही असं मी म्हणत होतो. मी रसायनशास्त्राचा माणूस, लोक काय म्हणतील? पण पद्मावती पहिल्याच रविवारी हळर्णला गेली. मी बरोबर होतो.

तिचा धाकटा भाऊ शिवदास पेडण्यातल्या शाळेत शिक्षक. भाषेच्या आंदोलनापासून बहीण-भावाचं बोलणं जवळजवळ बंद होतं. ती मराठीच्या मोर्चात, तो कोंकणीच्या. घरात दोघंही बोलायची ती आईचीच भाषा, पण तिला नाव काय द्यायचं यावरून ताटावरून उठायची. त्या दिवशीही तो आम्हाला पाहून अंगणात निघून गेला, पण दारातून ऐकत राहिला.

सासूबाई चुलीपाशी बसून लेकीचं ऐकत होत्या. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘खूप येळ उबो होतो?’’

‘‘खूप, आये. तीनय दिवस. कदाचित कायमचो.’’

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, ‘‘तो आमचो सगुण. एका जाग्यार पाय ठरूचो नाय तेचो. जेवतानासुद्धा उठून जाय.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘मेल्याबिगर माणूस इतको येळ उबो रवणा नाय.’’

त्या वर्षी म्हाळाच्या दिवसांत सगुणच्या नावाने पान वाढलं गेलं. पान वाढलं शिवदासने. सासूबाई तेव्हा रडल्या, मोठ्याने, आदल्या दिवशी गेलेल्या माणसासाठी रडावं तशा. आणि मग कितीतरी वर्षांनी दुपारी गाढ झोपल्या.

६

त्याच वर्षी डिसेंबरात, मुक्तिदिनासाठी, शिवदासने शाळेच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं. संग्रहालयं पाहिलेला माणूस म्हणून त्याने मला बोलावलं, आणि माझ्यामागून पद्मावतीही आली. पाट्या मराठीत की कोंकणीत यावरून पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. शेवटी दोन्ही लावल्या. समाधान कुणाचंच झालं नाही, पण त्या निमित्ताने दोघं एका टेबलाशी बसून एकमेकांचं शुद्धलेखन तपासू लागली होती.

वस्तू फार नव्हत्या. सत्याग्रहींचे फोटो, त्यांत सगुणचाही. एक झेंडा. दोन गंजक्या बंदुका. आणि मोरीचं खोदकाम करताना सापडलेलं एका पोर्तुगीज शिपायाचं शिरस्त्राण, कडेला भोक पडलेलं. ते कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवदासने त्याला काचेची पेटी करून घेतली होती आणि पाटी लिहिली होती, ‘शत्रूचे शिरस्त्राण’. दोन्ही भाषांत.

उद्घाटनाच्या सकाळी तो आम्हाला दारातच भेटला. संतापला होता.

‘‘भावोजी, बघा हो प्रकार. रात्री कुलूप मी स्वतः लावलंय. आणि कोणीतरी बूट घालून आत येऊन गेलो. सगळी जमीन ओली केल्यान. हे मराठीवाल्यांचे धंदे, बाय, तुला राग आला तरी चालेल.’’

पद्मावतीला राग आला नाही. ती शिरस्त्राणाच्या पेटीकडे बघत होती.

फरशीवर दोन पावलं होती. खिळे मारलेल्या बुटांची, पाण्याने उमटलेली. दारापासून तिथपर्यंत फरशी कोरडी. चवडे काचेकडे. बाहेर पेडण्याचं कडक ऊन पडलं होतं, खिडक्या उघड्या होत्या, आणि पाणी वाळत नव्हतं.

‘‘पुसून टाकूया,’’ शिवदास म्हणाला.

‘‘हात लावू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ती पाटी बदल, शिवा. शत्रूचे नको.’’

‘‘बदल? दादाक मारल्यानी तेंनी! तू विसरलंस?’’

‘‘विसरले असते तर लिस्बनला गेले असते?’’

‘‘मग काय लिहू? पाहुण्याचे?’’

मला ते बुटांचे ठसे फार लहान दिसत होते. मिसरूडसुद्धा धड न फुटलेल्या वयाचे.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. सगुणचा फोटो बघायला त्यांना मुद्दाम गाडीने आणलं होतं. आम्ही भांडतोय हे त्यांच्या लक्षात आलं, का भांडतोय तेही आलं असावं, कारण त्या फोटोकडे न जाता सरळ पेटीकडे आल्या. काठी टेकत त्या ओल्या पावलांच्या शेजारी उभ्या राहिल्या. शिरस्त्राणाच्या भोकाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान किंचित वळवली, शेजारी कुणी उभं असावं तशी, आणि आम्हाला विचारलं,

‘‘ह्याच्या आवशीक कोणी कळयल्यान काय?’’

शिवदासच्या हातात अजून लावायची एक पाटी होती, ती तशीच राहिली. त्या शिपायाच्या आईचा विचार आम्हा कुणाच्या मनात आलाच नव्हता. मी खाली पाहिलं, कारण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना.

पाणी तिथेच होतं, तेवढंच, खिळ्यांच्या खुणांसकट. फक्त चवडे आता काचेकडे नव्हते. ते सासूबाईंकडे वळले होते.

शिवदासनेही ते पाहिलं. त्याने आईला मागे ओढायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो हात बाजूला सारला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

‘‘थांब रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो काय सांगता बघूया.’’